आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं

हे वाक्य मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "आमच्या घराण्यात..." एवढं म्हटलं की उरलेलं मी मनातल्या मनात पुरं करते. बहुतेक वेळा ते सासरकडून येतं. सून खाली मान घालून ऐकते आणि मग तिचं ठरलेलं वाक्य येतं, "मग आमचंच संस्कारात कुठे चुकलं का, मॅडम?"

मूल एका जागी बसत नाही, वही-डबा-छत्री हरवतं, सुरू केलेलं पुरं करत नाही, विचार करायच्या आधी बोलून मोकळं होतं. एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक झालाय. त्याच्या मागोमाग हा प्रश्न येतोच, की हे रक्तातून आलं की संगोपनातून? शाळा सुरू झाल्या की दर आठवड्याला एक तरी घर तो घेऊन येतं. त्याचं उत्तर म्हणून मी हल्ली ओंकारच्या घरची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदललेत, आणि लिहायच्या आधी घरच्यांना विचारलंय. आज्जींनी तर "माझं मातुर बदलू नका" असं बजावलंय.

ओंकार नववीत होता. वडिलांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, आई एका पतसंस्थेत नोकरीला. पहिल्या दिवशी तिघं आले तेव्हा शाळेची चिठ्ठी आईच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती. लक्ष नाही, इतरांना त्रास देतो, गृहपाठ अपूर्ण, पालकांनी भेटावे. पोरगा उंच, चेहऱ्याने गोड, आणि खुर्चीत बसल्यापासून एक पाय सतत हलता. आमचं बोलणं चाललेलं असताना त्याने माझ्या टेबलावरचं बॉलपेन उघडलं, स्प्रिंग काढली, बोटावर उडवली, रिफील उलटी घालून पाहिली. जाताना पेन पूर्ववत जोडून ठेवलेलं होतं. मी चालवून बघितलं, चालत होतं.

"दिवसातून दहादा सांगितलं तरी याच्या डोक्यात शिरत नाही," वडील म्हणाले. "नववीत आलाय. आता तरी त्याला कळलंच पाहिजे."

मी वहीत 'च' लिहून त्याभोवती गोल केला. ही माझी जुनी खोड. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि माझ्या कामाचा पाया तीच आहे. माणसाच्या त्रासाचं मूळ तो त्याच्या 'असंच झालं पाहिजे' या हट्टात शोधतो. त्याला त्यासाठी आख्खा सिद्धांत लिहावा लागला. आपल्या भाषेत तो एका अक्षरात मावतो.

"मोबाइल," आई म्हणाली. "सगळं त्या मोबाइलमुळे झालंय."

"मोबाइल नव्हता तेव्हापण तुम्ही हेच म्हणत होता," ओंकार स्प्रिंगकडे बघत म्हणाला.

पोरगं बरोबर बोलत होतं. पुढच्या वेळी मी जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. आई प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळी घेऊन आली, बालवाडीपासूनची. दुसरीच्या बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, "हुशार आहे. जागेवर बसत नाही. बडबड कमी करावी." चौथीत, "डबा, स्वेटर शाळेत विसरतो. वह्या अपूर्ण." अशी जुनी प्रगतिपुस्तकं मला फार उपयोगी पडतात. एडीएचडीची लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात (2013पर्यंत ही अट 7 वर्षांची होती), ती सहा महिन्यांहून जास्त टिकलेली असावी लागतात, आणि घर नि शाळा अशा निदान दोन ठिकाणी जाणवावी लागतात. नववीत अचानक लक्ष उडालेलं पोर असेल तर मी आधी दुसरं काही शोधते. झोप, प्रेमप्रकरण, घरातलं भांडण, उदासी, एखादा विषय मुळीच न कळणं. ओंकारचं तसं नव्हतं.

निदान माझं काम नाही. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी झोपेची चौकशी केली, कान-डोळे आणि रक्त तपासून घेतलं, शाळेकडून प्रश्नावली भरून घेतली आणि एडीएचडी असल्याचं सांगितलं. वडिलांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "माझी आई म्हणते, आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं."

आई खिडकीबाहेर बघत होती.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना एक तक्ता करून दिला होता. रोजची पाच कामं, संध्याकाळी खूण, आठवड्याला ठरलेलं बक्षीस. पद्धत चांगली आहे, तिने अनेक घरांत काम केलंय. खुणा वडिलांनी करायच्या असं मीच सुचवलं, कारण बाप-लेकात बोलणं कमी होतं. तीन आठवड्यांनी तक्ता परत आला तेव्हा पहिले दोन दिवस भरलेले होते आणि बाकीचा कोरा. त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं.

"मी यांना रोज आठवण करायची," आई म्हणाली. "रोज म्हणायचे, 'करतो'."

"मार्केटातून येतो तेव्हा डोकं जाग्यावर नसतं, मॅडम. राहूनच जातं."

मी त्या दिवशी मनात लिहून ठेवलं, वडिलांचा सहभाग कमी. किती ठोकळेबाज शेरा! पहिल्या भेटीला हेच गृहस्थ स्कूटरची किल्ली माझ्या टेबलावर विसरले होते आणि मी जिन्यापर्यंत धावत गेले होते. दुसऱ्या भेटीला चष्मा. एकदा सोमवारची वेळ असताना मंगळवारी आले. इतकं सगळं डोळ्यांपुढे असून मला दिसत नव्हतं, कारण मी पोराकडे बघत होते. ज्या बापाला स्वतःचा चष्मा सापडत नाही त्याच्या हाती मी पोराच्या आठवणीचा तक्ता दिला होता. आई-वडिलांपैकी एकात ही लक्षणं असली की पालकांसाठीचं असलं प्रशिक्षण कमी लागू पडतं, हे संशोधनात नोंदलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं.

मग आज्जी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. "मलाबी बघायचंय काय सांगतात ते," म्हणून नातवाचा हात धरून जिना चढून आल्या. वय 74, नऊवारी, हातात कापडी पिशवी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बाई, आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं."

मी म्हटलं, "बरं. मग ओंकारचे पप्पा लहानपणी कसे होते, ते सांगा की."

आज्जी खुलल्या. "ह्यो? ह्याच्या पायाला भिंगरी होती. रॉकेल आणाय धाडला, तर डबा मैदानावर ठिवून क्रिकेट खेळत बसला. डबा गेला, रेशनकार्ड गेलं. मी घरात स्टो घेऊन बसलीया. सातवीत असताना कृष्णेच्या पुरात पोहायला गेलता, न सांगता. मास्तर म्हणायचे, डोकं हाय पण बूड न्हाई."

ओंकारचा पाय थांबला. तो आज्जीकडे बघत होता.

"आणि ह्याचे वडील?" मी विचारलं.

"ते तर काय! भाजी आणतो म्हणून गेले आणि दोन दिवसांनी आले, पंढरपूरला जाऊन. वाटेत दिंडी भेटली म्हणे. पिशवी तशीच रिकामी, हातात." आज्जी हसायला लागल्या. मग अर्ध्यात थांबल्या. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते.

वडिलांनी विचारलं, अगदी हळू, "आई, त्या रॉकेलच्या डब्यापायी दादांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय."

"मी मुद्दाम नव्हता ठेवला."

आज्जींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तवा कुठं ठावं होतं, बाळा."

या कामात बरीच वर्षं झाली, पण अशा वेळी काय बोलावं ते मला अजून कळत नाही. मी काही बोलले नाही. ओंकारने टेबलावरचं पेन उचललं, पण उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने मी वडिलांना विचारलं, "तुम्ही बारावीनंतर शिकला नाहीत. पण यार्डात तुमचं नाव आहे. ते कसं जमलं?"

त्यांचा चेहराच पालटला. मामांनी सोळाव्या वर्षी बाजारात नेलं, तिथे पहाटेपासून पळापळ. कुठल्या शेतकऱ्याची किती पोती, कुठल्या लॉटला कालपरवा काय दर निघाला, राजापुरी हळद कशी ओळखायची, हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, पूर्वी हळद कशी साठवत, हे ते वीस मिनिटं सांगत होते. कुठेही अडखळले नाहीत. सौदा लागला की काही मिनिटांत निकाल, लगेच पुढचा लॉट. असल्या कामात त्यांचं लक्ष हरवत नाही.

"आणि बिलं? जीएसटी? पट्ट्या?"

"ते दिवाणजी बघतात. मला नाही जमत ते."

"दिवाणजी तुम्हाला 'कितीदा सांगायचं' असं म्हणतात का कधी?"

ते मोठ्याने हसले. "त्यांची काय टाप? ते येतात, कागद पुढं ठेवतात, 'शेठ, ही एक सही राहिली' म्हणतात. मी करतो."

"रोज?"

"रोज. तीस वर्षं झाली."

आणि मग ओंकार बोलला. सगळ्या भेटींमध्ये न विचारता बोललेलं त्याचं हे बहुधा दुसरं वाक्य.

"मग मलापण एक दिवाणजी द्या की."

माझ्या डोक्यात जे महिनाभर जुळत नव्हतं ते या पोराने एका ओळीत जुळवलं. आजोबा, बाप, नातू, तिघांच्या पायाला तीच भिंगरी. आजोबांची पाच एकर शेती होती, दिवसभर रानात, वेळेचं बंधन ऋतूचं. पंढरपूरला गेले तर घरची बोलणी खावी लागली, पण त्यांचं आयुष्य अडलं नाही. बापाला शाळेत मार बसला, पण बाजार भेटला आणि दिवाणजी भेटला. नातवाच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळी सहाचा क्लास, साठ पोरांचा वर्ग, दुपारी शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास आणि खिशात दर मिनिटाला वाजणारा फोन. जे आलं ते तेच होतं. त्याची किंमत प्रत्येक पिढीत वेगळी मोजावी लागली.

आता प्रश्नाकडे वळते.

रक्तातून येतं का? हो, मोठ्या प्रमाणात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीमधला आनुवंशिक वाटा सुमारे 70 ते 80 टक्के निघतो. उंचीचाही साधारण एवढाच आहे. पण या आकड्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. ओंकारच्या चंचलपणातले 75 टक्के पप्पांचे आणि 25 टक्के शाळेचे, असा तो हिशेब नाही. एका समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला एडीएचडी असून दुसऱ्याला नसलेली उदाहरणं आहेत. आणि 'एडीएचडीचं जनुक' असं एक काही नाही. 2023 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने एडीएचडी असलेल्या 38 हजारांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली, तेव्हा जनुकसंचात संबंधित अशा 27 जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. त्यातलं थोडंफार तुमच्या-माझ्यातही असेल. म्हणून रक्त तपासून हे निदान होत नाही. कुणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

हे मी यार्डाच्या भाषेत सांगायला गेले, तर वडिलांनीच पुढे नेलं. "म्हणजे बेणं तेच, पण काळ्या रानात उतारा वेगळा आणि मुरमाडात वेगळा."

"जवळजवळ," मी म्हटलं. "फक्त हळद आपलं रान बदलत नाही. पोरं बदलतात."

या मुद्द्यावर मी सगळ्याच पालकांपाशी अडून बसते. अशा मुलाला घरात जास्त ओरडा बसतो, शाळेत जास्त शिक्षा होते, वर्गात जास्त हसं होतं. बघणाऱ्याला वाटतं, घरात सतत ओरडा आहे म्हणून मूल असं झालं. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. अमेरिकेत रसेल बार्कली यांनी 1980च्या आगेमागे आया आणि मुलं यांचं एकमेकांशी वागणं बारकाईने टिपलं. औषधाने मुलाचं लक्ष स्थिरावलं की आईचं हुकूम सोडणं आणि टोकणं आपोआप कमी व्हायचं. आईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. म्हणजे पोराच्या स्वभावाने भोवतालचं वातावरण घडवलं होतं आणि त्या वातावरणाने पोराला आणखी बिघडवलं होतं. त्यात बापाकडेही तेच बेणं असेल तर घरात किल्ल्या सापडत नाहीत, जेवायच्या वेळा ठरत नाहीत, शब्द पाळले जात नाहीत. मग हे आनुवंशिक म्हणायचं की सामाजिक? मला तरी ती दोरी उसवता येत नाही.

वातावरण एकट्याने हे घडवू शकतं का? टोकाचं असेल तर, हो. रुमानियातल्या चाउशेस्कू या हुकूमशहाच्या काळातल्या अनाथालयांत काढलेली आणि नंतर ब्रिटिश घरांत दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली गेली. तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांत ही लक्षणं जास्त आढळली आणि अनेकांत ती मोठेपणीही टिकली. पण ते पाळण्यात कुणी उचलून न घेतलेल्या बाळांबद्दल आहे. आईने संध्याकाळी मोबाइल दिला, बाप दोनदा जास्त ओरडला, शुभंकरोती चुकली, यातून एडीएचडी तयार होत नाही. लॉस एंजेलिसच्या सुमारे अडीच हजार किशोरवयीनांवरचा, 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोबाइलच्या बाबतीत पालक मला नेहमी दाखवतात. खूप जास्त डिजिटल वापर करणाऱ्यांत पुढच्या दोन वर्षांत लक्षणं काहीशी जास्त दिसली. काहीशी. कुणी कुणाला ओढलं ते त्यातून ठरत नाही. फोन काढून घेऊ नका असं मी म्हणत नाही, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवाच. पण दुसरीच्या बाईंनी लाल शाईत लिहिलं तेव्हा घरात साधा बटणांचा फोन होता.

आणखी एक सामाजिक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. ओंकार वर्गात सगळ्यांत लहान होता. वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्याला घाईने शाळेत घातलेलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथे वर्गाचं वय 31 डिसेंबरला मोजतात, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान 30 टक्के जास्त होत होतं. हा अभ्यास 2012चा. अकरा महिन्यांनी लहान पोराला आपण मोठ्यांच्या मापाने मोजतो आणि चंचल म्हणतो. त्यात अमेरिकेतल्या 2007च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ त्याच क्रमाने होते, पण सरासरी तीन वर्षं मागे असते. आवर घालणाऱ्या पुढच्या भागात हा उशीर जास्त. वयाने लहान, त्यात वाढीने मागे, आणि आपण म्हणतो "कळलंच पाहिजे". तो 'च' वडिलांनी त्या दिवशी माझ्या वहीत वाचला आणि स्वतःच पेनने खोडला. खरं सांगायचं तर त्याचा मला आजही आनंद होतो.

त्या दिवशी सगळे उठले, जिना उतरायला लागले, आणि आई दारातून परत आली. पर्स राहिली म्हणाली. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

"मॅडम, ओंकार दीड महिना आधी झाला. एक किलो नऊशे. बारा दिवस काचेच्या पेटीत होता. मी आठव्या महिन्यापर्यंत मिरजेहून बसने नोकरीला जात होते. सासूबाई नको म्हणत होत्या." ती एवढं एका श्वासात बोलली. "त्याच्यामुळे तर नाही ना?"

चौदा वर्षं हे तिने कुणाला विचारलेलं नव्हतं. समोर घराणं, रक्त, आजोबांची पंढरपूरची वारी असलं चाललेलं असताना ती ही पिशवी एकटी धरून बसली होती.

तिला खोटा धीर देणं मला बरोबर वाटलं नाही. मुदतीआधीचा जन्म आणि कमी वजन यांनी एडीएचडीची शक्यता वाढते, हे खरं आहे आणि ते मी तिला सांगितलं. मग म्हटलं, "शक्यता वाढते म्हणजे काय, ते ऐका. आधी जन्मलेल्या बहुतेक मुलांना एडीएचडी होत नाही. आणि आजोबांना काचेच्या पेटीत कुणी ठेवलं नव्हतं. बसमुळे तो लवकर झाला असं डॉक्टरांनी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही. रक्तदाब वाढला होता म्हणाले."

"मग बसचं कुणी सांगितलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीच." आणि रडली. दोन्ही हातांनी पर्स धरून, उभ्यानेच.

मला वाटतं, 'रक्तात की संस्कारात' या प्रश्नाखाली बहुतेक घरांत अशीच एक बस असते. प्रश्न कारणाचा दिसतो, पण घरात खटला चाललेला असतो आणि प्रत्येकाला आरोपी हवा असतो. सासूला सून, नवऱ्याला मोबाइल, आईला स्वतः. या खटल्यात पोराची बाजू कुणीच मांडत नाही. मी हल्ली पहिल्याच भेटीत घरच्या सगळ्यांना एकेकटं विचारते, "तुम्हाला आतून काय वाटतं, कशामुळे झालं?" जे उत्तर मिळतं ते उपचाराच्या कामाचं नसतं. पण ते बाहेर आल्याशिवाय उपचार पुढे सरकत नाहीत.

मग काय केलं ते थोडक्यात. मनोविकारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारं औषध सुरू केलं. "सवय लागेल का" हा पुढचा ठरलेला प्रश्न. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, भूक-झोप-वजन बघत दिलेलं औषध आणि नशेची गोळी यांत फरक आहे. या जातीच्या औषधांचा मुलांवरचा परिणाम 1937पासून वैद्यकाला ठाऊक आहे. प्रत्येक मुलाला ते लागतंच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. मी माझ्या खोलीत बसून औषध लिहून देत नाही आणि बंदही करायला सांगत नाही. परीक्षेतल्या सवलतीचं वडिलांनी विचारलं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित यांत मुळातच येणारी अडचण) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण अशा बऱ्याच मुलांना दोन्ही असतात म्हणून ती तपासणी करून घेतली. ओंकारला नव्हती.

राहिला दिवाणजी. बापाला जमणार नव्हतं, ते त्यांनीच हात वर करून सांगितलं. आईच्या तोंडातून कितीही नाही म्हटलं तरी 'कितीदा' निघायचंच. शेवटी ओंकारने आज्जीकडे बोट दाखवलं.

आज्जींना मी दोन नियम सांगितले. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती सांगताना मागचं काही काढायचं नाही. हे दोन नियम पाळणं जगात किती अवघड आहे ते कुठल्याही आईला विचारा. आज्जींनी पाळले, कारण त्यांना त्यात गंमत वाटली. रोज संध्याकाळी सात वाजता त्या नातवाच्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "शेठ, ही एक वही राहिली." तो पंधरा मिनिटं लिहायचा, मग जिन्याच्या दोन फेऱ्या मारून यायचा, मग "शेठ, हे एक गणित राहिलं." क्लास एक बंद केला. त्यासाठी वडिलांशी मला तीन भेटी झगडावं लागलं. शनिवारी सकाळी तो यार्डात जायला लागला, हमालांबरोबर पोती मोजायला. तिथे त्याची चूक होत नाही असं दिवाणजी म्हणाले. शाळेत वर्गशिक्षिकेने त्याला पहिल्या बाकावर आणलं आणि फळा पुसणं, हजेरीपत्रक नेऊन देणं असली उठायची कामं त्याच्याकडे दिली. शिक्षक मंडळींना सांगून ठेवते, अशा पोराला शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापू नका. तेवढीच तर त्याची मोकळी धाव असते.

सगळं गोड झालं असं नाही. सहामाहीला विज्ञानाच्या पेपरात त्याने मागचं पानच उलटलं नाही, 20 गुण तसेच गेले. दिवाळीत मित्राची मोटरसायकल घेऊन गेला आणि हात मोडून आला. या वयात भिंगरी पायातून निघून वाहनात शिरते, लायसन्स नसताना गाडीची किल्ली दिसेल अशी ठेवू नका हे मी सगळ्यांना सांगते आणि ओंकारच्या घरी सांगायचं विसरले होते. फेब्रुवारीत त्याला औषधाची लाज वाटायला लागली, शाळेत कुणीतरी 'गोळीवाला' म्हटलं म्हणून. तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा स्वतःहून एक गोष्ट केली. ते स्वतः डॉक्टरांकडे गेले, स्वतःची तपासणी करून घेतली आणि तो कागद घरी आणून ओंकारसमोर ठेवला. त्यावर काय लिहिलं होतं ते वेगळं सांगायला नको.

ओंकार आता दहावीत आहे. भेटी दोन महिन्यांतून एकदा. मागच्या आठवड्यात आज्जींचा फोन आला. मला वाटलं, त्याच्याबद्दल असेल.

"बाई, धाकटीचं बोलायचं होतं. चौथीत हाय. पोरगी गरीब, कुणाला तरास न्हाई. पण ह्या महिन्यात पाण्याची तिसरी बाटली हरवली. समोर बसून हाक मारली तर ऐकू येत न्हाई. खिडकीतनं बाहेर बघत बसती. शाळेतनं तक्रार एक न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्या बारीला मी म्हटलं न्हाई बरं का, घराण्यात न्हाई म्हणून."

मुलींचं असंच होतं. त्या वर्गात गोंधळ घालत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी शाळेची चिठ्ठी येत नाही आणि वर्षं निघून जातात. मी म्हटलं, "घेऊन या. बुधवारी पाच वाजता. आणि ओंकारच्या पप्पांना सांगा, मागच्या वेळची किल्ली अजून माझ्याकडेच आहे."